पंखावरची फुली

सौसरच्या बाजारात माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मनोहर सोमकुंवर सरांनी मला जन्मभर या एकाच गुन्ह्यासाठी धारेवर धरलं. सर आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवायचे. आमची घरं भिंतीला भिंत लागून. रोज संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहत, आत पाऊल टाकत नसत, आणि हँगरवर लटकलेल्या शर्टांकडे बघून मान हलवत.

"कोणाचं माप हाय बे हे?"

"बेचाळीस नंबर, सर."

"नंबर नाई विचारून राहिलो. ज्याचं माप घेतलं तो माणूस कुठी हाय?"

असा कोणी माणूस नसतो हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण समोर गिऱ्हाईक असलं की त्यांना जास्तच चेव यायचा. "दुसऱ्याच्या मापात हात घालून फिरतेत लोकं," असं ते त्या गिऱ्हाइकाकडे बघून मोठ्यानं म्हणायचे आणि निघून जायचे. गिऱ्हाईक हातातला शर्ट खाली ठेवायचं. लग्नसराईत तर मी त्यांना लांबून येताना पाहिलं की चहा सांगून त्यांना समोरच्या टपरीवरच अडकवून ठेवत असे.

रेडीमेड हा त्यांच्या तोंडी शिवीसारखा शब्द होता. तयार मसाला नको, तयार पापड नको, तयार खुर्ची तर नकोच. घरातलं सगळं सामान त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं. त्यांच्याकडे गेलं की ज्या स्टुलावर आपल्याला बसवत ते कधी उजवीकडे कलायचं, कधी डावीकडे. मी एकदा म्हटलं, "सर, हलते हे." तर म्हणाले, "हलते म्हणूनच तू सरळ बसून राहिला." मी सरळ बसून राहिलो.

एका गोष्टीत मात्र त्यांना तोड नव्हती. ती म्हणजे कूलर. आमच्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि साधा पत्र्याचा कूलर एकदा सुरू झाला की त्याच्या बाजू अशा थडथडतात की शेजाऱ्यालाही झोप नाही. सर प्रत्येक पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या हलक्या घड्या मारायचे. मोठी फुली. फुली मारली की पत्रा ताठ होतो आणि आवाज बंद. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला फुलीचा कूलर लागलेला होता. बाहेरगावचा पाहुणा विचारायचा, या घरांवर सरकारनं फुल्या मारल्यात का, रस्ता रुंद होणार आहे का. सरांना त्या फुलीचा फार अभिमान. "माह्या कूलरखाली लोकं झोपतेत," असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं.

त्यांची बायको, विमल सोमकुंवर, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अख्ख्या गावानं त्यांच्याकडून सुया टोचून घेतलेल्या, त्यामुळे अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. सरही सिस्टरच म्हणायचे. गावाला याचं हसू यायचं, त्या दोघांना कधी आलं नाही. सिस्टरचा हात असा की सुई टोचून झाली तरी मुलं रडायला विसरायची. बोलणं मात्र टोचायचं.

आता साइडकारचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. सिस्टरची ड्यूटी काही वर्षं पांढुर्ण्याला होती. बसनं जातात, धक्के खातात, म्हणून सरांनी आपल्या स्कूटरला एका बाजूला बसायची डबी जोडली. पत्र्याची, निळ्या रंगाची, वर ऊन लागू नये म्हणून छत. बाजूला अर्थातच फुली. पहिल्या दिवशी गल्ली जमली. सिस्टर पांढऱ्या साडीत आत बसल्या आणि स्वारी निघाली. तिगावच्या अलीकडे रस्त्याला एक वळण आहे. तिथे सर वळले. डबी वळली नाही. ती आपली सरळ निघून गेली, रस्ता सोडून, बांध ओलांडून, कोणाच्या तरी पऱ्हाटीत जाऊन उभी राहिली. सरांना बराच वेळ पत्ताच नव्हता. ते पुढे बोलत चालले होते. उत्तर येईना म्हणून वळून पाहिलं, तर बाजूला कोणी नाही.

परत आले तेव्हा सिस्टर रस्त्यावर उभ्या राहून साडीला चिकटलेला कापूस वेचत होत्या. मागून बस आली. तिला हात दाखवून त्या चढल्या आणि ड्यूटीवर वेळेत पोचल्या. संध्याकाळी घरी आल्यावर हात-पाय धुतले, चहा घेतला आणि मग म्हणाल्या, "तुमच्या हातचं मी सगळं खाईन. पण तुम्ही बनवलेल्यात यापुढे बसणार नाई." भिंतीपलीकडे मी ते स्पष्ट ऐकलं. स्टुलावर बसणंही त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. सरांच्या घरात त्या उभ्या राहायच्या नाहीतर खाली सतरंजीवर बसायच्या.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, प्लॉट घेतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. सर इंदूरकडे जाऊन राहिले आणि विमान चालवायला शिकून आले. परवाना काढला. गावात कोणाचा विश्वास बसला नाही. मग एक दिवस ट्रक आला आणि बोरगावच्या रस्त्यावरच्या त्यांच्या शेडसमोर एक विमान उतरलं. विमान म्हणजे पंख नसलेलं धड. हैदराबादच्या कोणा हौशी माणसानं परदेशातून सुट्या भागांचा संच मागवून घरी जोडायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर कंटाळला होता. सरांनी ते उचललं. आत शेजारीशेजारी दोन सीट होत्या. एक चालवणाऱ्याची, एक बाजूच्याची.

बाजूच्या सीटवर कोण बसणार हे सरांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या सीटला त्यांनी हिरव्या कापडाचं कव्हर शिवून घेतलं, शिंप्याकडून, आणि हिरवा हा सिस्टरचा रंग. त्यांना सिस्टरना बाजूला बसवून एकदा सौसरवरून घिरटी घालायची होती. एवढीच इच्छा. पऱ्हाटीत जाऊन पडलेली ती डबी त्यांच्या मनातून गेलीच नव्हती.

पंख त्याच परदेशी कंपनीकडे तयार मिळत होते. पंखांचा आतला सांगाडा तर धडाबरोबर सुटा आलाच होता. वरचे पत्रे कापलेले, वाकवलेले, भोकं पाडलेले येतात. भोकाला भोक लावायचं आणि रिवेट मारत सुटायचं. मी ते नाव काढताच सरांनी कानावर हात ठेवले.

"धड दुसऱ्याचं हाय. इंजिन दुसऱ्याचं हाय. आता पंखही दुसऱ्याचे लावू? मंग मी काय केलं? फक्त रंग?"

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं. दुकानदाराला असं पटणं परवडत नाही, पण पटलं.

पुढचे दोन उन्हाळे सर शेडमध्ये होते. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून त्यांनी पंखाचा साचा उभा केला. बरगड्या ओळीनं लावल्या. ॲल्युमिनियमचे पत्रे स्वतः मापले, कापले, लाकडी हातोडीनं वाकवले. मी दुकान बंद करून कधीमधी जायचो. घामानं निथळलेले सर पत्र्यावरून तळवा फिरवत असायचे आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत असायचे. पंख दिसायला देखणा झाला होता, यात वाद नाही.

पण तो बोलायचा. दोन बरगड्यांच्या मधे अंगठा दाबला की 'टॉक' करून पत्रा आत जायचा आणि सोडला की 'टॉक' करून बाहेर. ऊन वाढलं की कोणी न दाबताही बोलायचा. शेडमध्ये दुपारी बसलं की पंखभर टॉक, टॉक, टॉक. सिस्टर डबा घेऊन यायच्या तेव्हा छातीतला कफ पाहावा तशा त्या पंखावर दोन बोटांनी ठोकायच्या, कान द्यायच्या, काही बोलायच्या नाहीत आणि डबा ठेवून जायच्या. त्यांच्या त्या न बोलण्यानं सर हैराण व्हायचे.

शेवटी सरांनी तेच केलं जे आमच्या गल्लीतला कोणीही माणूस करेल. त्यांनी पत्रे काढले, प्रत्येकावर फुली मारली आणि पुन्हा बसवले. आवाज बंद. दोन्ही पंखांवर ओळीनं फुल्या. त्या संध्याकाळी ते पायरीशी आले ते तरंगतच. "मूकबधिर केला साल्याले!" असं ओरडले आणि चक्क माझ्या गिऱ्हाइकाला सोडून दिलं.

तपासायला वर्मा साहेब आले. हवाई दलातून निवृत्त, आता एका फ्लाइंग क्लबात, बारीक मिशीचे, मोजकं बोलणारे. उड्डाणाची चाचणी तेच घेणार होते. त्यांनी विमानाभोवती एक चक्कर मारली, पंखाशी थांबले, आणि आधी त्यांना वाटलं पत्रा वाहतुकीत दबला आहे. मग सगळ्या फुल्या एकसारख्या आहेत हे दिसलं.

"सर, ये किसने किया?"

"मैंने," सर म्हणाले. छाती फुगवून.

"क्यों?"

सरांनी कूलरचं सगळं शास्त्र हिंदीत सांगितलं. वर्मा साहेबांनी अगदी शेवटपर्यंत ऐकलं. हसले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो.

"कूलर एक जगह खड़ा रहता है, सर. विंग हवा में झुकती है, मरोड़ खाती है. वो सारा बोझ यही चादर उठाती है. आपने क्रीज़ डालकर उसको बता दिया कि कहाँ से मुड़ना है."

सिस्टर दाराशी डबा घेऊन उभ्या होत्या. सरांनी पंखावर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. मला त्या वेळी वर्मा साहेबांचा राग आला. माणूस बरोबर होता, सभ्य होता, तरी आला.

त्यानंतर कितीतरी दिवस सर पायरीवर आले नाहीत. माझा धंदा चांगला झाला आणि मला करमेना. सिस्टर म्हणाल्या, "घरात बसून राहिले. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाईत." नवं सगळं पुन्हा हातानं करायचं म्हटलं तर आणखी दोन उन्हाळे. तोवर डोळे, हात, परवाना, काय काय टिकतं कोणाला ठाऊक. आणि झालं तरी सिस्टर त्यात बसणार नाहीत, हे तर पक्कंच. सगळं त्या एका गोष्टीपाशी येऊन अडलं होतं.

मग एका संध्याकाळी ते आले. पायरीशी थांबले. आणि पायरी चढून आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुकानातला माझा नोकर घाबरून उठून उभा राहिला.

"बेचाळीस नंबर दाखव," सर म्हणाले.

"कोणासाठी, सर?"

"माह्यासाठी. काऊन, मी माणूस नाई का?"

मी निळा चौकड्यांचा शर्ट काढला. त्यांनी तो तिथेच अंगात घातला, बटणं लावली, आरशासमोर उभे राहिले. बाह्या जरा लांब होत्या. त्यांनी हात वर केले, खाली केले, खांदे फिरवले.

"मेलो तर नाई," ते म्हणाले. "मागवतो मंग पत्रे."

तो शर्ट घालूनच ते घरी गेले. मी पैसे घेतले नाहीत. एवढा आनंद मला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

पत्रे आले तेव्हा त्यांनी पहिले आठ दिवस काही जोडलंच नाही. चुका शोधत बसले. पट्टी लावून, भिंग लावून, उन्हात धरून. "एक भोक चुकत नाई," असं मला तक्रारीच्या सुरात सांगायला आले. "अरे, माणसानं बनवलं तर एखादं तरी चुकते ना!" मी म्हटलं, यंत्रानं बनवलंय सर. "तेच म्हणून राहिलो," म्हणाले आणि हिरमुसून निघून गेले.

रिवेट मारायला माणसं दोन लागतात. एकानं बाहेरून हवेच्या हातोडीनं ठोकायचं, दुसऱ्यानं पत्र्याच्या मागे हात घालून तिथे लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा. ठोकळा हलला की रिवेट वाकडा. सरांनी मला बोलावलं. माझ्या हातून वाकडे झालेले रिवेट बघून त्यांनी मला दुकानात परत पाठवलं. "तू कपडेच वीक," म्हणाले.

मग सिस्टरनी पदर खोचला. त्यांचा बारीक हात पंखाच्या आत कुठेही जायचा आणि तिथे दगडासारखा स्थिर राहायचा. बाहेरून सर, आतून सिस्टर. दिवसचे दिवस शेडमधून हातोडीचा कडकडाट आणि त्याहून मोठ्यानं दोघांचं भांडण ऐकू यायचं.

"थांबा! सांगतल्याशिवाय मारू नका!"

"सांगतलं ना मी!"

"मनात सांगतलं असंन! पेशंटले न विचारता सुई टोचते का मी?"

वाकडा बसलेला रिवेट सिस्टर पास करायच्या नाहीत. सर म्हणायचे, चालते. सिस्टर म्हणायच्या, काढा. सर काढायचे. बागांमध्ये संत्री पिवळी पडायच्या आत दोन्ही पंख लागले. जुने फुलीचे पत्रे तिगावचे शेतकरी कोल्हे यांनी नेऊन आपल्या बागेतल्या मोटरघरावर छप्पर म्हणून टाकले. ते एकदाही गळले नाहीत, हे सर आल्या-गेल्याला सांगायचे.

पंख लागले त्या दिवशी सिस्टर हात पुसत म्हणाल्या, "आता बसते मी. कोणता रिवेट कसा बसला, सगळं माहीत हाय मले." सर विमानाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथे बराच वेळ काहीतरी शोधत असल्यासारखं करत राहिले.

कागदपत्रांची रड मी सांगत नाही. मधेच आमचा जिल्हा छिंदवाडा होता तो पांढुर्णा झाला आणि सरांचा अर्ज दोन्हीकडे नव्हता, एवढं सांगितलं तरी पुरे. सगळं उरकेपर्यंत सरांच्या परवान्याची वैद्यकीय तपासणी आली. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली, पुन्हा काढली, आणि नाही म्हणाले. पट्टी सिस्टरनी स्वतः हातात घेऊन वाचली. डॉक्टरांशी एका शब्दानं वाद घातला नाही. त्यावरूनच सर समजले.

म्हणजे विमान तयार, पंख पक्के, सिस्टर बसायला तयार, आणि चालवणारा बाद. दोन सीट. एकीवर परवाना असलेला माणूस पाहिजेच. उरली एक. दोघं मिळून आता त्या विमानात वर जाऊच शकत नव्हते. मला हे कळलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

वर्मा साहेबांनी कोल्ह्यांच्या शेतातल्या मुरमाच्या धावपट्टीवरून विमान उडवलं. काय सुरेख उडालं. अर्धं तिगाव बांधावर बसून टाळ्या वाजवत होतं. खाली आल्यावर त्यांनी आधी सरांना म्हटलं, चला. सर म्हणाले, "पहले सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "मी याइच्या बाजूले बसीन म्हटलं होतं. वर्मा साहेबाच्या नाई." दोघंही गेले नाहीत. शेवटी ठरलं की विमान वर्मा साहेबांच्याच क्लबला द्यायचं, आणि सर आणि सिस्टर मुलीकडे भोपाळला राहायला जायचे. आता ते तिथेच असतात.

विमान न्यायच्या आदल्या दिवशी सकाळी सरांनी मला पट्टीवर बोलावलं. काम काय, तर शेळ्या हाकलायच्या. दोघं विमानात बसलेले. सिस्टर हिरव्या सीटवर, पर्स मांडीवर. "जमिनीवर चालवायले कोणाच्या बापाचा परवाना लागत नाई," असं सर मला ओरडून म्हणाले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे वळायचं आणि परत. पहिल्यांदा हळू, मग जोरात. मुरमाची धूळ उडत होती. एका फेरीत विमान असं सुसाट आलं की मला वाटलं, गेलं आता वर. खरंच वाटलं. विमान वर उचलायची काठी नुसती ओढायची बाकी होती. तेवढ्यात इंजिनाचा आवाज पडला आणि विमान माझ्यापाशी येऊन थांबलं.

"उचलत काऊन नाई तुम्ही?" सिस्टर ओरडत होत्या. "झालं होतं ना आता! जरासंक उचला ना!"

"नाई."

"इतकं आयुष्य कोणाचं ऐकलं का तुम्ही? आज डॉक्टरचं ऐकून राहिले?"

"एकटा असतो तं नसतं ऐकलं," सर म्हणाले. "तू बसली हायस ना बाजूले."

सिस्टर उतरल्या. धाडकन दार लावलं आणि पट्टीवरून तरातरा चालू लागल्या, कोल्ह्यांच्या घराकडे. सरांनी हाक मारली नाही. दोन्ही हात काठीवर ठेवून समोर बघत बसले. मी शेळ्यांकडे तोंड फिरवलं.

बऱ्याच लांब गेल्यावर सिस्टर थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. मग वळल्या, तितक्याच तरातरा परत आल्या, दार उघडून आपल्या सीटवर बसल्या आणि पट्टा बांधला.

"चला," त्या म्हणाल्या. "हळूच चालवा आता. मले तुमच्याशी बोलाचं हाय."